चौघांच्या बुकिंगवर एकटी

बुकिंग चौघांचं होतं. मी, माझा मुलगा निखिल, सून ऋचा आणि सहा वर्षांची नात ओवी. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या पुढे जी झाडीने भरलेली दरी आहे, तिच्यात आता एक उद्यान केलंय. लहान मुलांना आणि माझ्यासारख्या गुडघेवाल्यांनाही झेपेल अशी पायवाट, मधे मधे बाक, ओढ्यांवर लाकडी साकव. जाहिरातीत ‘फॅमिली ट्रेक’ असं लिहिलं होतं. ऋचाने ती मला दाखवली तेव्हा लातूरहून पुण्याला मुलाकडे येऊन मला तीन आठवडे झाले होते. तेवढ्या दिवसांत बाराव्या मजल्यावरून मी खाली उतरले ती फक्त देवळात जायला आणि भाजी आणायला.

शुक्रवारी संध्याकाळी ओवीला ताप भरला. निखिल म्हणाला, रद्द करू. मी म्हटलं, मी एकटी जाऊन येते. म्हणताना मला खात्री होती की तो नको म्हणेल. तो म्हणाला, “खरंच जाशील? बरं वाटेल तुला.” त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. ते मला ऐकू आलं. एकदा म्हटलं म्हटल्यावर मागे कसं घेणार? रात्री मी पिशवी भरली, ऋचाने आपले ट्रेकचे बूट दिले. अर्ध्या नंबरने मोठे होते, दोन मोजे घातले की बसत होते.

लोणावळा

आठ वाजता लोणावळा स्टेशनबाहेर जमायचं होतं. सप्टेंबरचा शेवट होता. पावसाने उघडीप दिली होती, पण हवा ओलीच होती. चिक्कीची दुकानं नुकती उघडत होती आणि दुकानदार तुकडे कापून चव घ्यायला पुढे करत होते. आमच्याकडे कुणी फुकट खायला दिलं की माणूस आधी नको म्हणतो, मग घेतो. इथे लोक चालता चालता उचलत होते. मला ते जमलं नाही.

आम्हाला नेणारी मुलगी तन्वी, असेल पंचविशीची. चेहरा हसरा, हातात यादी. तिच्या यादीत माणसं नव्हती, कुटुंबं होती. एक पुण्याचं, एक नाशिकचं, एक ठाण्याचं आणि चौथं आमचं. “बिराजदार फॅमिली?” तिने विचारलं. मी हात वर केला. बाकीचे कुठे, तर ते आजारी आहेत, असं सांगितलं. ती “अरेरे” म्हणाली आणि यादीत काहीतरी खूण केली.

मग दिवसभर सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, एकट्याच? लोक चांगले होते. नाशिकच्या बाईंनी आपल्या डब्यातले लाडू दिले. पण उत्तर देऊन झालं की पुढे बोलायला काही उरायचं नाही. ते आपापल्या मुलांकडे वळायचे, मी डोंगराकडे.

कुरवंडे

मिनीबसने आम्ही कुरवंड्याला आलो. गावाच्या पलीकडे नागफणीचा सुळका आहे, मुंबईकडचे लोक त्याला ड्यूक्स नोज म्हणतात. तो तेव्हा निम्मा ढगात होता. फोटो काढायला सगळे थांबले. एकेक कुटुंब उभं राहायचं आणि फोन माझ्या हातात यायचा. काकू, प्लीज. मी तिन्ही कुटुंबांचे फोटो काढले. आजोबांना पुढे घेतलं, मुलींना हसवलं. एकतीस वर्षं शाळेत वर्गाचे फोटो काढायला मीच मुलं उभी करायची, तेव्हा हे काम मला येतं.

आपल्या लातूरकडच्या वाचकांना ही दरी कशी सांगावी? आमचं गाव औशाच्या बाजूचं. तिथे बांधावर उभं राहिलं की मैलभर लांबून येणारा माणूस दिसतो. चालण्यावरून ओळखताही येतो. इथे दहा पावलांपुढचं दिसत नाही. जांभूळ, हिरडा, अंजन, वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. खोडांवर शेवाळ इतकं जाड की बोट रुततं. उघड्या कातळावर पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा फुललेला. आणि पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत घागरी रांगेत ठेवलेल्या असतात. इथे पाणी कुणालाही नको असल्यासारखं दगडांवरून वाहून चाललेलं. पहिला अर्धा तास मी त्या पाण्याकडेच बघत होते. वाईट वाटत होतं की बरं, ते तेव्हाही कळलं नाही, आताही सांगता येणार नाही.

दरीत

दुसऱ्या साकवाजवळ माझ्या बुटात खडा गेला. मी दगडावर बसले, बूट काढला, मोजे नीट केले. ठाण्याच्या आजोबांनी थांबू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, आलेच. त्यांच्या मागून धुकं उतरलं. मला उठायला पाच मिनिटं लागली असतील. उठले तेव्हा समोर वाट होती, पण माणसं नव्हती.

थोडं पुढे वाट फुटली होती. तन्वीने सकाळीच सांगितलं होतं की मागे राहिलात तर मी शिट्टी वाजवीन, तिच्या रोखाने या. मी थांबून कान दिला. डावीकडून शीळ आली. स्वच्छ, लांब, माणसाने निवांत चालता चालता घालावी तशी. मला हायसं वाटलं आणि मी डावीकडे वळले. शीळ पुढे पुढे जात राहिली, मी तिच्या मागे. वाट अरुंद झाली, मग नुसती गवत दबल्याची खूण राहिली, मग तीही संपली. समोर ओढा आणि पलीकडे उभा कातळ. शीळ आता कातळाच्या वरून येत होती, जिथे माणूस जाणं शक्य नव्हतं.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. फोनला रेंज नव्हती. मी परत फिरले, पण आले त्या वाटेने नाही, एवढंच नक्की, कारण मधे एक मोडलेलं झाड लागलं जे मी आधी पाहिलं नव्हतं. तेव्हा मी बसले. शाळेत सहलीला जाताना मुलांना मीच सांगायची, चुकलात तर आहात तिथे बसा.

हाक मारायला हवी होती. साठ साठ मुलांच्या वर्गात माझा आवाज मैदानापर्यंत जायचा. पण तिथे तोंड उघडलं आणि कुणाचं नाव घ्यावं ते सुचेना. तन्वी म्हणून दोनदा ओरडले. ते नाव मला त्या दिवशीच कळलेलं, तोंडात बसत नव्हतं. निखिल म्हणून हाक मारावी तर तो बाराव्या मजल्यावर. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचं नाव मी कधी मोठ्याने घेतलंच नव्हतं. मग मी गप्प बसून राहिले. मला वाटलं होतं की दहा-पंधरा मिनिटांत कुणीतरी येईल, कारण कुणाला तरी आठवण होईल. तास होऊन गेला. धुक्याने केस ओले झाले, पदराचं टोक पिळता येईल इतकं भिजलं. भीती अशी फार वाटली नाही. पण आपण नाही हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, हे हळूहळू कळत गेलं. भीती परवडली असती.

नंतर कळलं ते इथेच सांगते. तन्वीने पुढे मोजणी केली होती. ठाण्याचे, पुण्याचे, नाशिकचे सगळे आले का, तर आले. ठाणेकरांना वाटलं मी मागून येऊन नाशिककरांना मिळाले, नाशिककरांना वाटलं पुणेकरांबरोबर. दीड वाजता जेवायला बसले आणि एक ताट उरलं, तेव्हा शोध सुरू झाला.

वाडीवर

मला जी भेटली ती मला शोधत नव्हती. गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती ओढ्यातून वर येत होती. माझ्याच वयाची, काटक, कमरेला विळा. मला बघून ती दचकली नाही. भारा एका दगडावर टेकवला आणि म्हणाली, “हितं कशापायी बसलाय?”

मी सगळं सांगितलं, शिळेसकट. ती हसली, पण हिणवून नाही. “ते पाखरू हाय. माणसावानी शीळ घालतं. लय लोक फसत्यात.”

तिचं नाव मंजुळा. वर पठारावर तिची वाडी, पाच घरांची. त्यातली दोन बंद. वाडीवरची जुनी माणसं या जंगलातलीच, पिढ्यानपिढ्यांची. तिचा नवरा मागेच गेलेला, एक मुलगी तळेगावकडे कंपनीत कामाला. तिने मला सांगितलं की हितनं कुरवंडं लांब पडतं, आधी घरी चला, काहीतरी खावा, मग वाटेला लावते. मी तिच्या मागून निघाले. चढावर ती दर थोड्या वेळाने थांबायची आणि मी आले का ते बघायची. सबंध दिवसात माझ्यासाठी कुणी थांबलं ते तेव्हा.

घर एका खोलीचं, कुडाच्या भिंती सारवलेल्या, दाराशी तीन शेळ्या. तिने चुलीपुढे मला बसवलं, टॉवेल दिला. खेकड्याचं कालवण होतं. मी आमच्यात चालत नाही म्हटल्यावर तिने काही न बोलता ते बाजूला सरकवलं आणि भारंगीच्या फुलांची भाजी पुढे केली. जराशी कडवट, वर लसणाचा वास. सोबत तांदळाची भाकरी. आमची ज्वारीची भाकरी हातात घेतली की तिचं वजन कळतं. ही पांढरीशुभ्र, मऊ, रुमालासारखी घडी होणारी. मी तीन खाल्ल्या. मुलाच्या घरी मी दीड पोळीवर उठते. तिसरी घेताना मला ते आठवलं.

जेवण झाल्यावर तिने फळीवरून एक बटणांचा फोन काढला, पदराने पुसला. म्हणाली, वर एका कातळावर रेंज येते, दर शनिवारी ती तिथे जाते. मुलीला तेव्हा कामावर फोन घेता येत नाही, म्हणून ती लिहून पाठवते. हिला वाचता येत नाही. गुरुवारी अंगणवाडीची बाई वर येते तेव्हा ती वाचून दाखवते. तोवर निरोप फोनमध्ये तसाच पडून. “तुमी शाळंतल्या बाई. तुमी वाचाल का?”

आम्ही कातळावर गेलो. धुकं विरत होतं आणि खाली दरी एकदम उघडली होती. हिरव्याच्या किती तऱ्हा असतात ते मी तिथे पाहिलं. ज्या झाडीत मी दीड तास बसले होते ती वरून मूठभर दिसत होती. मंजुळेचा फोन वाजला आणि तिने तो माझ्या हातात दिला.

मुलीने लिहिलं होतं की आई, दिवाळीला सुट्टी नाही. यायला जमणार नाही. मी खोली बघितली आहे, दोघींना पुरेल. तू शेळ्या विकून इकडे ये. तिथे एकटी किती दिवस राहणार?

पहिलं वाक्य डोळ्यांखालून गेलं तेव्हा ते गाळून वाचावं असं मला क्षणभर वाटलं होतं. पण पोरीचं पत्र, आईसाठी. मी होतं तसं वाचलं. मंजुळेने पुन्हा वाचायला लावलं.

“तुमी ऱ्हाता का लेकाकडं?” तिने विचारलं.

“तीन आठवडे झाले येऊन.”

“करमतं का?”

हा प्रश्न मला त्या तीन आठवड्यांत फोनवरून बहिणीने विचारला होता, शेजारणीने विचारला होता. सगळ्यांना मी छान चाललंय म्हणून सांगितलं होतं. त्या कातळावर मला तसं म्हणता आलं नाही.

“नाही,” मी म्हटलं. “ते दोघं चांगले आहेत. पण नाही करमत.”

मंजुळेने मान हलवली. मला वाटलं, आता ही मुलीला नाही म्हणून कळवणार आणि त्याला मी कारण होणार. पण ती म्हणाली, “लिवा, येते म्हणावं. भात कापून झाला की येते. शेळ्या इकत न्हाई, जावेकडं ठिवते.” आणि मी लिहीत असताना, जणू मला समजावत, “न्हाई करमलं तर परत येईन. वाट काय कुटं जात न्हाई.”

मी तिचं उत्तर धाडलं. मग माझ्या फोनलाही रेंज असेल हे डोक्यात आलं. पिशवीतून काढला तर तो थरथरतच होता. निखिलचे कॉल, ऋचाचे, तन्वीचे, अनोळखी नंबर. पडदाभर. मी निखिलला लावला. पहिल्या घंटीला त्याने उचलला. मी म्हटलं, मी आहे, बरी आहे. पलीकडून गाडीचा आवाज येत होता. मग तो एवढंच म्हणाला, “कुठे आहेस?” तो लोणावळ्यात पोचला होता.

परत

मंजुळेने मला कुरवंड्याच्या शेवटच्या वळणापर्यंत आणून सोडलं. तिथून पुढे यायला ती तयार होईना, शेळ्या एकट्या होत्या. मी तिचे हात हातात घेतले. तिने तिचे सोडवून घेतले आणि माझी ओली झालेली पिशवी माझ्या खांद्यावर नीट केली.

गावात उद्यानाचे दोन रखवालदार, तन्वी आणि निखिल उभे होते. तन्वीचे डोळे रडून सुजले होते, ती पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होती. मी तिला ओरडले नाही. निखिल मात्र सगळ्यांसमोर मला ओरडला. आई, तुला कळत नाही का, एकटीने मागे राहायचं का, हाक मारता येत नव्हती का. मी ऐकून घेतलं. लहानपणी तो जत्रेत हरवला होता तेव्हा सापडल्यावर मी त्याला असंच धरून हलवलं होतं.

सहल दोन दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी बाकीची मंडळी पवनानगरला धरणाच्या काठी जाणार होती, तंबूत राहणार होती. तो भाग मी पाहिला नाही, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. आम्ही तिथूनच लगेच जुन्या हायवेने परत निघालो. कामशेतच्या बाजारात त्याने एकदम गाडी बाजूला घेतली, चहा पिऊ म्हणाला. समोर तांदळाचं दुकान होतं, इंद्रायणीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. चहा आला, निवला, तरी त्याने कपाला हात लावला नाही.

“त्यांचा फोन आला ना,” तो म्हणाला, “त्यांनी विचारलं, आईंनी काय कपडे घातलेत? शोधायला लागतं म्हणून. मला सांगता येईना.” त्याने तोंड पुसलं. “सकाळी मीच तुला रिक्षात बसवलं होतं, आई. मी साडी म्हटलं. रंग विचारला तर सांगता येईना. ऋचालाही नाही. ओवीने झोपेतून सांगितलं, आजीने जांभळी साडी नेसलीय.”

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण मधे टेबल होतं, आणि तो अडतीस वर्षांचा आहे. मी म्हटलं, चहा पी. तो प्यायला. मग मी त्याला जे मंजुळेला सांगितलं होतं तेच सांगितलं. तुझ्या घरी मला करमत नाही. तुझा दोष नाही, ऋचाचाही नाही.

“मला माहितीय,” तो म्हणाला. “मला वाटलं, तू कधीतरी बोलशील. मग वाटलं, न बोललीस तर बरं.”

त्याने खरं सांगितलं आणि ते मला लागलं, दोन्ही एकदमच. आम्ही दोन किलो तांदूळ घेतले आणि दिवे लागायच्या आत घरी पोचलो. ओवीचा ताप उतरला होता.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. दरी सुंदर आहे, वाट सोपी आहे. बूट आपल्या मापाचे घाला आणि पाखराच्या शिळेला फसू नका. मंजुळा खाली तळेगावला गेली की नाही, मला माहीत नाही. माझा नंबर मी तिच्या फोनमध्ये घालून दिलाय, पण तो वाचून लावणार कोण?

परतीचं तिकीट आधीच काढलेलं होतं, त्याच दिवशी मी लातूरला परत आले. निखिल आता रविवारी संध्याकाळी फोन करतो. तब्येत, पाऊस, ओवीची शाळा, एवढं बोलून दोन मिनिटांत होतं. मग आम्हा दोघांनाही काही सुचत नाही. त्याच्याकडची लिफ्ट वाजलेली मला ऐकू येते, माझ्या अंगणातलं कुत्रं त्याला ऐकू जात असेल. पूर्वी अशा वेळी तो “चल, ठेवतो” म्हणायचा. आता म्हणत नाही. फोन कानाला लावून आम्ही दोघंही तसेच बसून राहतो.